बीट कुणाची, गाणं कुणाचं?

रॅपर व्हायचं ठरवलेल्या मुलाला इंदूरच्या विजय नगरात सल्ल्यांची टंचाई कधी भासत नाही. रोज एक रील टाक, कधी ना कधी एखादी चालेलच. 'एमटीव्ही हसल' या टीव्हीवरच्या रॅप-स्पर्धेचं ऑडिशन दे. मुंबई गाठ, इथे काय ठेवलंय. एखादं म्युझिक लेबल पकड, पुढचं ते बघून घेतील. असे सल्ले देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, आणि या चारही वाटांनी कुणी ना कुणी वर गेलेलं आहेच. सृष्टी तावडे हे नाव घरोघरी पोचलं ते २०२२ च्या 'हसल'मुळेच. पण नीट पाहिलं तर हे चारही सल्ले एकाच गोष्टीबद्दल बोलतात, जास्तीत जास्त कानांवर कसं पडायचं याबद्दल. कानांवर पडलं की पोट आपोआप भरतं, हे त्यात न बोलता धरलेलं असतं. तसं होत नाही. इंदुरात सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं कोणतं, असं विचारलं तर सकाळी कचरागाडीवर वाजणारं, शानने गायलेलं स्वच्छतेचं गाणंच आठवेल. शहराला ते तोंडपाठ आहे, पण ते ऐकायला कुणी कधी तिकीट काढलेलं नाही. म्हणून या प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाकडून पाहायला हवं. गाणं कुणाच्या मालकीचं हे आधी ठरवावं. मग पन्नास किलोमीटरच्या आत पैसे देऊन बोलावणारं कोण आहे ते शोधावं. कान किती मिळाले ते त्यानंतर मोजावं. स्वतंत्र कलाकार या शब्दातलं 'स्वतंत्र' मालकीबद्दल आहे. एकटं राहण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

आधी कानांचा हिशेब करू, कारण सगळी भिस्त त्यावरच ठेवली जाते. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. मुंबईच्या रॅपरांवरचा झोया अख्तरचा 'गली बॉय' त्याच महिन्यात प्रदर्शित झाला, आणि त्या एका महिन्याने हजारो मुलांना वाटून गेलं की आता दार उघडलं. पण अशा सेवेवर एका ऐकण्याला अमुक पैसे असा ठरलेला दर नसतो. वर्गणीचे आणि जाहिरातींचे पैसे एका हौदात जमा होतात आणि एकूण ऐकण्यात तुमचा वाटा जेवढा, तेवढी ओंजळ तुम्हाला मिळते. भारतात वर्गणी स्वस्त आहे आणि बहुतेक जण जाहिराती सोसून फुकटच ऐकतात, त्यामुळे आपला हौद उथळ. लाखभर ऐकणी अमेरिकेतली असली की येणारी रक्कम आणि इंदूर-भोपाळची असली की येणारी रक्कम यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा की वर्षभरात ज्या गाण्याची हजार ऐकणी झाली नाहीत त्याला हौदातलं काहीच मिळायचं नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहिलं गेलेलं असणं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सला एक कोटी व्ह्यूज, अशी अट आहे. शिवाय हे हौद आपल्या अंगणातले नव्हेत. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि लाखोंचे फॉलोअर एका रात्रीत हवेत गेले. गाण्यांचं रेसो हे अ‍ॅप जानेवारी २०२४ मध्ये बंद झालं, त्याच वर्षी विंकही गुंडाळलं गेलं. ही माध्यमं सोडा असं कुणी म्हणणार नाही. नवीन माणूस तिथूनच ऐकायला येतो. पण ती गावातल्या भिंतीवरच्या पोस्टरसारखी वापरावीत. पोस्टरवर कुणी संसार मांडत नाही.

आता मालकीकडे येऊ. रॅपरच्या धंद्यात मालकीचा घोटाळा पहिल्याच दिवशी होतो, बीट, म्हणजे ज्यावर रॅप करायचं ते तयार संगीत, घेताना. यूट्यूबवर 'टाइप बीट' शोधायची, आवडली की उतरवून घ्यायची, त्यावर लिहायचं, आवाज चढवायचा आणि टाकून द्यायचं. व्हिडिओखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की कमाई होत नसेल तरच फुकट. समजा मुलगा शहाणा निघाला आणि बीटस्टार्ससारख्या बाजारातून त्याने ती रीतसर घेतली. तिथेही तो बहुतेक वेळा विकत घेत नसतो, भाड्याने घेत असतो. सगळ्यात स्वस्त परवान्यात एमपी३ मिळते, जरा महागात वेव्ह फाइल, त्याहून महागात ढोल, बेस, मेलडी वेगवेगळ्या केलेल्या स्टेम्स. प्रत्येक पातळीवर किती ऐकण्यांपर्यंत हा परवाना चालेल याची मर्यादा लिहिलेली असते. मर्यादा ओलांडली की पुन्हा पैसे भरा. तीच बीट आणखी शंभर जणांना भाड्याने दिलेली असू शकते, म्हणून गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे मालकी ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवायला अशा परवान्यात सहसा मनाई असते. नोंदवलं तर तीच बीट घेतलेल्या दुसऱ्या मुलाच्या गाण्यावर आपला दावा लागतो, किंवा त्याचा आपल्यावर. फक्त आपली अशी 'एक्स्क्लुझिव्ह' बीट हवी तर किंमत कित्येक पटींनी चढते. या बारीक अक्षरांचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे लिल नॅस एक्सचं 'ओल्ड टाउन रोड'. त्याने ती बीट २०१८ मध्ये यंगकिओ नावाच्या डच पोराकडून तीस डॉलरला घेतली होती. पुढच्या वर्षी गाणं बिलबोर्डवर सलग एकोणीस आठवडे पहिलं राहिलं. तोवर कळून चुकलं होतं की त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडच्या एका रचनेचा तुकडा परवानगीविना घातलेला आहे. मूळ रचनाकारांचं नाव आणि वाटा मागाहून घालावा लागला. तिथे ते निभावलं, कारण गाण्याच्या मागे तोवर मोठी कंपनी आणि तिचे वकील उभे होते. विजय नगरात गाणं चाललं आणि असा दावा आला तर ते गाणं सरळ उतरवलं जातं. वर आलेल्या पोराला खाली खेचायला कुणी वैरी लागत नाही, त्याचीच जुनी फाइल पुरते.

त्यामुळे पहिली गुंतवणूक माइकमध्ये किंवा कॅमेऱ्यात करण्याऐवजी बीट बनवणाऱ्या माणसाशी असलेल्या नात्यात करावी. इंदुरात कीबोर्ड आणि लॅपटॉप घेऊन बसलेली पोरं कमी नाहीत. ज्याच्याशी दर आठवड्याला समोरासमोर बसता येतं असा एक जण मिळाला तर तीस डॉलरच्या दहा बीटपेक्षा तो मोलाचा. त्याच्याशी एका साध्या कागदावर ठरवून घ्यायचं: गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, संगीत कुणाचं, रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला, येणाऱ्या पैशात कुणाचे किती टक्के, खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. धंद्यात याला 'स्प्लिट शीट' म्हणतात. दोस्तीत कागद कसला, असं म्हणत तो टाळला जातो, आणि दोस्ती मोडते तीही नेमकी त्याच कागदावाचून. कायद्याच्या नजरेत गाणं ही एक वस्तू नाही. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा, संगीताचा रचणाऱ्याचा, आणि ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे ज्याला 'मास्टर' म्हणतात त्याचा, ते निर्माण करणाऱ्याचा. रॅपर या तिघांपैकी निदान एक तर असतोच, पुष्कळदा दोन. हे हक्क गाणं तयार होताच आपोआप उभे राहतात, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही.

मराठी माणसाला यातला पुढचा भाग समजावायला इंग्रजी पुस्तकाची गरज नाही. तमाशाच्या फडात आणि ऊसतोडीच्या टोळीत 'उचल' म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. हंगामाआधी हातात एकरकमी पैसा मिळतो, घरचा दवाखाना, लग्न, कर्ज त्यात निभतं, आणि मग ती फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही. लेबल देतं तो अ‍ॅडव्हान्स ही उचलच आहे. व्हिडिओचा खर्च, जाहिरातीचा खर्च, कधी कधी मुंबईच्या हॉटेलचं बिलही त्याच खात्यात मांडलं जातं आणि कलाकाराच्या वाट्यातून वळतं होतं. तमाशाच्या उचलीत निदान एक बरं असतं: ती फिटली की बाई आपला आवाज घेऊन दुसऱ्या फडात जाऊ शकते. लेबलच्या करारात पैसे फिटले तरी मास्टर सहसा त्यांच्याकडेच राहतं. इथे कॉपीराइट कायद्याचं एकोणिसावं कलम वाचण्यासारखं आहे. हक्क देण्याचा करार लेखीच हवा. त्यात कोणतं गाणं, कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदला हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने एका वर्षात तो हक्क वापरलाच नाही तर, करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, तो परत येतो. गोम या शेवटच्या पोटवाक्यात आहे. करारात 'कायमस्वरूपी', 'संपूर्ण विश्वात' असे शब्द घालून ही कवचं काढून घेता येतात, आणि असे शब्द सहसा घातलेले असतात. एक कवच मात्र सहीनेही निघत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर झगडले, गीतकार आणि संगीतकार आपला रॉयल्टीचा वाटा वारसांखेरीज किंवा हक्कसंस्थेखेरीज कुणाला देऊनच टाकू शकत नाहीत. ही हक्कसंस्था म्हणजे आयपीआरएस, १९६९ ची, आणि दुरुस्तीनंतरच्या नव्या नियमांखाली २०१७ मध्ये पुन्हा नोंदवली गेलेली. रॅपर स्वतःचे शब्द लिहितो म्हणजे कायद्याने तो गीतकार आहे, सभासद होऊ शकतो. स्वतःला गीतकार म्हणवून घ्यायला त्याला लाज वाटत असेल तर ती पैशांच्या दृष्टीने महागात पडणारी लाज आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. पन्नास जणसुद्धा ऐकत नाहीत आणि तुम्ही त्याच्यापुढे कलमं काय वाचता, आधी नाव तर होऊ द्या. हा आक्षेप उलटा आहे. नाव होण्याआधी कागद करायला कुणी अडवत नाही, कारण तेव्हा वाटण्यासारखं काहीच नसतं. लाखभर ऐकणी झाल्यावर तोच कागद मांडला की बीटवाला, कॅमेरावाला, हुक गाणारी मैत्रीण, सगळ्यांना आपापला वाटा मोठा दिसू लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: लेबलशिवाय कोण मोठं झालं? डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांचं 'मेरे गली में' २०१५ मध्ये सोनीकडूनच आलं, त्याशिवाय ते झोया अख्तरच्या चित्रपटापर्यंत पोचलं असतं का, कोण जाणे. हे मान्य करायलाच हवं. लेबल हा राक्षस नाही, महागडं कर्ज देणारी पेढी आहे, आणि पेढीशी बोलणी करायची तर तारण आपल्याकडे असावं लागतं. डिव्हाइनने २०१९ मध्ये स्वतःची 'गली गँग' उभारली ती नाव झाल्यावर. एमिवे बंटायने उलटं केलं. स्वतःच्या चॅनेलवर, स्वतःच्या बंटाय रेकॉर्ड्सखाली गाणी साठवत गेला आणि मग बाजाराशी बरोबरीने बोलला. दोन्ही रस्ते खरे आहेत. पण पहिल्या करारालाच दहा गाण्यांचे मास्टर देऊन टाकणाऱ्याला दोन्ही बंद होतात.

आता मुंबईबद्दल. मुंबईत माणसं भेटतात हे खरं, आणि भेटींवर या धंद्यातलं अर्धं काम होतं. पण तिथल्या खोलीभाड्यासाठी नोकरी धरावी लागते आणि मग लिहायला उरतो तो लोकलमधला वेळ. एमसी स्टॅन पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतून आला, 'तडीपार' २०२० मध्ये काढला, आणि २०२३ मध्ये 'बिग बॉस' जिंकला तोवर पुण्याचं नाव त्याच्या नावाला चिकटलेलंच होतं. सौरभ अभ्यंकर ऊर्फ १०० आरबीएच मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप-गटासोबत गायला, पण ओळखला गेला तो अमरावतीचा म्हणून. अमेरिकेतलं जवळचं उदाहरण न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसचं नाहीच. टेक नाइन या रॅपरने १९९९ मध्ये ट्रॅव्हिस ओग्विन या फर्निचरच्या धंद्यातल्या माणसाबरोबर 'स्ट्रेंज म्युझिक' काढलं ते कॅन्सस सिटीत. तेही देशाच्या मधोमध वसलेलं, फॅशनेबल नसलेलं, मोठ्या कंपन्यांच्या नजरेबाहेरचं शहर. रेडिओने फारसं विचारलं नाही. बसमधून शेकडो गावं पालथी घालून, टी-शर्ट आणि टोप्या विकून त्यांनी कंपनी उभी केली. इंदूरला तर कॅन्सस सिटीचाही दाखला नको. राहत इंदौरी हयातभर इथलेच राहिले. सिनेमाची गाणी लिहिली, पण मोठे झाले ते मुशायऱ्याच्या मंचावर, आणि आडनावाच्या जागी शहर मिरवलं. एकटा माणूस, एक माइक, आपणच लिहिलेले शब्द, समोरून येणारी दाद आणि ठरलेलं मानधन, हे सगळं या शहरात रॅप यायच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं आहे.

मंचाचं गणित मात्र जसं आहे तसं मांडायला हवं. विजय नगरात सी-२१ आणि मल्हार मेगा मॉलच्या आसपास कॅफे आणि पब भरपूर, सभोवती हॉस्टेलं आणि पीजी, म्हणजे प्रेक्षक चालत येण्याच्या अंतरावर. पण पबवाल्याला नाचायला लावणारी ओळखीची गाणी हवी असतात, आणि ओपन माइकमध्ये मानधनाऐवजी 'एक्स्पोजर' मिळतं. तीन-चारदा ते चालवून घ्यावं, पाचव्यांदा दारातल्या तिकिटातला हिस्सा मागावा. बीआरटीएस रस्त्यालगत रात्रभर दुकानं उघडी ठेवायचा प्रयोग २०२२ मध्ये सुरू झाला आणि २०२४ मध्ये गुंडाळला गेला. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो. म्हणजे रॅपच्या कार्यक्रमाची खरी वेळ संध्याकाळी सातची, जिला रॅपर तोंड वाकडं करतात. मुलींना मात्र तीच सोयीची, आणि प्रेक्षकांत त्याही आहेत. कॉलेजांच्या महोत्सवांना कलाकारांसाठी बजेट असतं. आयआयटी इंदूरच्या 'फ्लक्सस'सारख्या ठिकाणी मोठ्या नावाच्या आधी वीस मिनिटं मिळणं हे वर्षभराच्या रीलपेक्षा जास्त कामाचं, कारण तिथे सुपारी ठरवणारे विद्यार्थी पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजातल्या मित्रांना तुमचा नंबर देतात.

हेही सांगायला हवं की इंदूरचा मंच नेहमीच मऊ नसतो. मार्च २०२३ मध्ये याच शहरात एमसी स्टॅनचा कार्यक्रम बंद पाडला गेला. गाण्यांत शिव्या आहेत अशी तक्रार होती, कार्यकर्ते थेट मंचावर चढले. २०२५ च्या मार्चमध्ये हनी सिंगच्या कार्यक्रमानंतर महापालिकेने मनोरंजन कर थकल्याचं सांगून ध्वनियंत्रणाच जप्त केली. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ मध्ये राजकीय रॅपवरून राज मुंगसे आणि उमेश खाडे यांच्यावर गुन्हे दाखल झाले. यातून शिव्या गाळा आणि राजकारण सोडा असा सल्ला काढणं सोपं आहे, पण तो वाईट सल्ला आहे. रॅपमधून राग काढला तर उरतं ते वाढदिवसाचं गाणं. सल्ला एवढाच की कुणावर बोलतो आहोत हे लिहितानाच माहीत असावं, आयोजकाच्या परवानग्या आणि कर यांची कागदपत्रं आपण स्वतः मागून पाहावीत, आणि मानधनाचा अर्धा भाग आगाऊ घ्यावा. कार्यक्रम मोडला तर आयोजकाचा फोन लागत नाही, आणि बसचं तिकीट कलाकारालाच काढावं लागतं.

भाषेचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण विजय नगरातल्या मराठी घरातल्या मुलापुढे तो फारच विचित्र रूपात उभा राहतो. होळकरांच्या या शहरात घरी मराठी, गल्लीत 'भिया'वाली इंदौरी हिंदी, आजूबाजूला माळवी, आणि यूट्यूबवर दिल्लीची हिंदी ऐकून शिकलेला उच्चार. रॅप करताना तो नेमका चौथा उच्चार उचलतो, जो त्याचा नाही. हनुमानकाइंडने २०२४ मध्ये 'बिग डॉग्ज' इंग्रजीत केलं आणि बिलबोर्डच्या पहिल्या पंचविसात आणलं, मग भाषेचा आग्रह कशाला, असं विचारता येईल. पण त्याची इंग्रजी उसनी नव्हती, बालपण ह्यूस्टनमध्ये गेल्याने ती त्याच्या अंगची होती. एमसी स्क्वेअरने २०२२ चा 'हसल' हरियाणवीत जिंकला. त्यानंतर दोन वर्षांनी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' मराठीतच राहून नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सपर्यंत गेलं. बाहेरच्या कानाला अर्थ कळला नाही तरी चालतं, आवाज खोटा लागला की चालत नाही. इंदूरच्या मराठीला पुण्यात हसतात, 'मी येऊन राहिलो' ऐकून भुवया उंचावतात, पण दिल्लीकडच्या रॅपरकडे नेमकी हीच गोष्ट नाही. वऱ्हाडीची अशीच टिंगल होत आली, आणि तीच १०० आरबीएचची ताकद ठरली.

आणि या मराठीला प्रेक्षक नाही हा समज तर नकाशा पाहिला की गळून पडतो. विजय नगरातून तासाभराच्या अंतरावर महू आहे, डॉ. आंबेडकरांचं जन्मगाव. दर १४ एप्रिलला तिथे माणसांचा पूर लोटतो, त्यात विदर्भ-मराठवाड्यातून आलेले, मराठीत बोलणारे, भीमगीतं मुखोद्गत असलेले लोक असतात. जयंतीच्या मंचावर बोलावणं येण्यासाठी त्या चळवळीत आधीपासून ऊठबस असावी लागते, आदल्या आठवड्यात रील पाठवून ते होत नाही. तिथला श्रोता शब्द तपासून घेतो, आणि पटले तर घरी जाताना गाणं सोबत नेतो, अकोल्याला, नांदेडला, नागपूरला. अमेरिकेत निप्सी हसल या रॅपरने २०१३ मध्ये 'क्रेनशॉ' या मिक्सटेपच्या फक्त हजार प्रती शंभर-शंभर डॉलरला विकायला काढल्या. त्या एका दिवसात संपल्या, आणि गाणी इंटरनेटवर त्याच वेळी फुकट होती. महूच्या गर्दीत शंभर डॉलर कुणी देणार नाही. पन्नास रुपयांची, मागे क्यूआर छापलेली, शब्दांची चौपानी पुस्तिका मात्र तिथे पुस्तकांच्या स्टॉलवर खपू शकते. जयंतीच्या गर्दीत लोक पुस्तकं विकत घेतात ही तिथली जुनी रीत आहे. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण कुणाच्या मालकीचं ते तीन ओळींत छापलेलं असावं.